पैशाचं सोंग : खान्देशात बसून रोल-प्लेइंग गेम लिहिण्याचा धंदा

सुकीकाठ

मागे एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की मी टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम लिहितो. त्यावर तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की हे नक्की काय असतं, आणि दोघांनी विचारलं की किती मिळतात. दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटला, म्हणून हा धागा.

आधी हे काय ते. मोबाइलवरचा गेम नाही, कॉम्प्युटर लागत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, आमच्याकडे ओट्यावर. एक जण खेळवणारा, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. खेळवणारा सांगतो, "रात्रीचे बारा वाजलेत. लाइट आत्ताच आली, पण विहिरीवरच्या मोटरचा आवाज येत नाहीये. काय करता?" तुमचं पात्र काय करतं ते तुम्ही सांगायचं. पुढे काय होईल हे जिथे नक्की नाही तिथे फासे टाकायचे. म्हणजे मोठ्यांची भातुकलीच, फक्त भांडण झालं तर नियम काढून बघता येतो. तो नियम लिहिणं हे माझं काम.

या धंद्याची सुरुवात १९७४ ची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा हे गाव, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ही दोन माणसं, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डीअँडडी) हा खेळ. पहिली छपाई हजार प्रतींची, खोकी हातानेच भरलेली. गायगॅक्स त्याआधी शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर होता. ती नोकरी गेल्यावर घरात चपला-बूट दुरुस्त करायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण तेव्हा मी सावद्याला लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरून देत होतो. चपला शिवण्यापर्यंत अजून पोचलो नाही.

पुढचं वाचून तेवढं बरं वाटलं नाही. आर्नेसनला आपल्या हक्काच्या मानधनासाठी १९७९ मध्ये टीएसआरवर, म्हणजे खेळ छापणाऱ्या गायगॅक्सच्या कंपनीवर, दावा लावावा लागला, १९८१ मध्ये तडजोड झाली. गायगॅक्सच्या हातून कंपनीच गेली, १९८५ मध्ये. कंपनी १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या खेळ कंपनीने घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीने घेतलं. ज्यांनी हा धंदा शोधून काढला त्यांची ही गत, हे डोक्यात ठेवून खालचं वाचा.

मी इंजिनिअरिंगला पुण्यात असताना होस्टेलवर हे शिकलो. नोकरी दोन वर्षं केली, वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गावी आलो तो राहिलोच. फैजपूरपासून जवळ गाव आहे. चार एकर केळी, एक विहीर, आणि संध्याकाळी सातनंतर काहीही न घडणारी गल्ली. लिहायला याहून चांगली जागा नाही.

लोकांना वाटतं की या कामात कल्पनाशक्ती लागते. लागते, पण ती पोराटोरांकडेही असते. खरं काम असं आहे की आपण जिथे हजर नसू अशा घरात, आपल्याला ओळखत नसलेल्या पाच माणसांनी आपला कागद वाचायचा आणि खेळ चालला पाहिजे. आपण खिडकीतून ओरडून सांगू शकत नाही की अरे, मला असं म्हणायचं नव्हतं. एक उदाहरण देतो, म्हणजे कळेल.

माझा खेळ आहे, 'रात्रीची लाइट'. शेतीची थ्री फेज रात्रीची आहे, पाच जणांत एक सामाईक विहीर, मळ्यात बिबट्या फिरतोय अशी गावभर बोलवा, आणि मोटर चालू करायला कुणीतरी जायचंय. फाशांची पद्धत माझी नाही. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'वरून घेतलेली : दोन साधे फासे, बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा कमी आली तर खेळवणारा तुमची वाट लावतो.

पहिला खर्डा घेऊन चुलतभावांना ओट्यावर बसवलं. मे महिना, लाइट गेलेली, इमर्जन्सी दिव्याभोवती चिलटं. मी मोठ्या थाटात अंधाराचं वर्णन केलं, कुत्र्यांचं भुंकणं अचानक थांबल्याचं सांगितलं आणि विचारलं, "कोण जातंय?"

थोरला चुलतभाऊ म्हणाला, "मी नाय जात भो. राहू दे मोटर बंद."

बाकीचे म्हणाले, आम्ही पण नाही जात. खेळ संपला. अकरा मिनिटं.

आणि त्याचं बरोबरच होतं ना! ज्याने खरोखर रात्री पाणी भरलंय तो कशाला जाईल? जाणं धोक्याचं आहे हे मी नियमात लिहिलं होतं. न जाणंही महाग आहे हे लिहायचंच राहिलं होतं. मग कागदाच्या कडेला सहा चौकोन काढले. ज्या रात्री कुणी गेलं नाही त्या रात्री एक चौकोन भरायचा. तिसऱ्याला पानं पिवळी पडतात, पाचव्याला घड गळतो, सहाव्याला व्यापारी बाग बघून परत जातो. पुढच्या वेळी तेच चौघं, तोच ओटा. दुसरा चौकोन भरल्यावर थोरला उठून उभा राहिला, खरोखर उभा राहिला, आणि म्हणाला, "बॅटरी कुठंय?"

दुसरी गंमत. मी लिहिलं होतं, 'जवळ असलेलं पात्र मदत करू शकतं.' जवळ म्हणजे किती, यावर वीस मिनिटं वाद. एक म्हणतो बांधावर, एक म्हणतो शेजारच्या मळ्यात पण जवळच की. शेवटी वाक्य झालं, 'हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर असलेलं पात्र मदत करू शकतं, पण आधी खरोखर हाक मारावी लागेल.' त्यानंतर पोरं ओट्यावर इतक्या मोठ्याने हाका मारायला लागली की समोरच्या काकू बाहेर आल्या. हे एक वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. शब्द मोजा आणि सहा सेंटने गुणा.

हो, आता पैसे. दुसऱ्यांच्या खेळांसाठी लिहिलं तर शब्दावर मिळतात. छोट्या प्रकाशकांकडे पाच ते दहा सेंट हा भाव बराच चालतो. मला सरासरी सहा पडतो. गेल्या वर्षी माझे छापले गेलेले शब्द साधारण ४१ हजार, म्हणजे २,४६० डॉलर. लिहून खोडलेले वेगळे, त्यांना भाव नाही. दुसऱ्यांचे नियम तपासून देण्याचे ६०० डॉलर. स्वतःच्या तीन छोट्या खेळांचे, साइटचा हिस्सा जाऊन, ३८८ डॉलर. ड्राइव्हथ्रूआरपीजी या खेळ विकायच्या साइटवर विकलं तर साधारण ६५ टक्के आपल्या हातात येतात. इच.आयओ ही तसलीच दुसरी, तिथे साइटला किती द्यायचं ते आपणच ठरवायचं असतं. 'रात्रीची लाइट'ची मराठी आवृत्ती ५० रुपयांना ठेवली होती. ११ प्रती गेल्या, त्यातल्या चार एकट्या मावसभावाने घेतल्या.

एका प्रकाशकाकडे ९ हजार शब्द अडकलेत. करारात 'प्रकाशनानंतर पैसे' असं होतं. पुस्तकासाठी लोकवर्गणी गोळा झाली, पुस्तक निघालं नाही, म्हणजे प्रकाशन नाही, म्हणजे पैसे नाहीत. कायद्याने त्याचं काहीच चुकलं नाही. ५४० डॉलर.

विचारा आता काय विचारायचं ते.

केळीबाग_रावेर

दादा, धागा आवडला, पण हिशेब नाही आवडला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. वर्षाला पावणेतीन-तीन लाख, ते पण कधी येतील ते माहीत नाही. याच्यापेक्षा चार एकरात लक्ष घातलं असतं तर?

गिरणामाई

एकच प्रश्न. यानावर पोट भरस का भो? 😀

सुकीकाठ

@केळीबाग, चार एकरात लक्ष आहेच हो, त्यावरच घर चालतं. आणि आपण दोघं एकाच धंद्यात आहोत असं मला फार वेळा वाटतं. माल आपला, भाव दुसऱ्याचा, वर कटती. फरक एवढाच की मे-जूनच्या वादळात माझे शब्द आडवे पडत नाहीत.

@गिरणामाई, नही भरत. पोट केळीवर, या पैशातून लॅपटॉप, आईची औषधं आणि धाकटीची फी. माझ्या ओळखीतले, म्हणजे ऑनलाइन ओळखीतले, अमेरिकेतले लिहिणारेसुद्धा बहुतेक दुसरी नोकरी धरून आहेत. तिकडे सहा सेंटमध्ये आपल्यापेक्षा कमी येतं. घरभाडं डॉलरमध्ये असतं ना.

अंकपाश

चाळीसगावचा निवृत्त गणित शिक्षक. खेळातलं काही कळत नाही, पण दोन फाशांचा मामला वाचून राहवलं नाही.

दोन फाशांची दानं ३६. १० किंवा जास्त येणारी ६, ७ ते ९ येणारी १५, ६ किंवा कमी येणारी १५. म्हणजे नुसत्या फाशांवर फत्ते होण्याची शक्यता सहात एक, आणि 'होतं पण मोजावं लागतं' व 'वाट लागते' या दोन्ही बरोबरीच्या. आता पात्र तरबेज म्हणून त्याच्या बेरजेत एक वाढवून (+१) दिला तर? फत्तेची दानं ६ वरून १० होतात, वाट लागण्याची १५ वरून १०. +२ दिला की १५ आणि ६. मधला भाग मात्र १५, १६, १५ असा जागचा फारसा हलत नाही. ज्याने हे बांधलं तो हुशार आहे. माणूस +२ पर्यंत तरबेज केला तरी अर्ध्याला थोडं कमी वेळा त्याला काहीतरी किंमत मोजावीच लागते.

अवांतर : आमच्या पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, मठ होता, त्याचा शिलालेख आहे. लीलावतीत (११५०) शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, ते याच मोजणीचं : अंकांच्या मांडण्या किती होतील. ३५ वर्षं शिकवलं, एका पोराने विचारलं नाही की सर, हे कुठे वापरायचं. आता कुणी विचारलं तर बिबट्याचं उदाहरण देईन.

आणखी एक. फासे नसतील तर कवड्या चालतील का? पाच कवड्यांची दानं ३२, पाचही कवड्या एका ठरलेल्या बाजूवर पडण्याचं दान ३२ त १. पण हे कवडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते असं धरलं तर. घरच्या पाच कवड्या २०० वेळा टाकल्या. सहाएक वेळा यायला हवं होतं ते दान १७ वेळा आलं. सौ. विचारत होत्या काय चाललंय.

सुकीकाठ

सर, __/\__. हे मधल्या भागाचं मी सहा वर्षं हाताने अनुभवतोय आणि असं मांडून कधी बघितलं नव्हतं.

कवड्या मीही वापरल्यात, कारण बारा किंवा वीस बाजूंचे फासे गावात मिळत नाहीत, मागवायचे तर ते फाशांपेक्षा टपालालाच महाग. पण तुम्ही म्हणता तेच : प्रत्येक कवडीचा स्वभाव वेगळा. मग नियमातच लिहिलं की खेळायच्या आधी आपल्या कवड्या शंभर वेळा टाका आणि त्यांची कुंडली काढा. एकाही माणसाने काढली नाही. लोकांना करायला लावायची गोष्ट जितकी कंटाळवाणी तितकी ती गाळली जाणार, हाही एक धडाच. शेवटी साध्या सहा बाजूंच्या फाशांवर आलो. सापशिडी प्रत्येक घरात असते.

जुनं_पान

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याला हेच सांगितलंय, फासे खेळू नकोस, शेतीच कर. केळीबाग यांना वैदिक पाठिंबा आहे.

सुकीकाठ

माझे वडील वेद न वाचता रोज सकाळी हेच म्हणतात.

पुण्यात_पोटासाठी

मूळ धरणगावचा, आता पुण्यात. आम्ही सहा जण दर शनिवारी डीअँडडी खेळतो. थोडं खटकलं म्हणून लिहितो, राग मानू नका. हे थ्री फेज, बिबट्या, पिवळी पानं, हे परदेशी गिऱ्हाइकाला आपला त्रास गुंडाळून विकणं नाही का? कॅनडातल्या माणसाने शनिवारी संध्याकाळी बिअर पीत केळीवाला व्हायचं आणि मग 'वॉव, सो रिअल' म्हणायचं. आम्हाला ड्रॅगन पुरतो.

सुकीकाठ

राग नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय. दोन गोष्टी.

एक. मला 'भारतीय' लिहायला सांगणारे भेटलेत. एका संपादकाने माझ्या गावाच्या वर्णनावर शेरा मारला होता की थोडा रंग कमी पडतोय, एखादा हत्ती आणि महाराजा घालता येईल का. मी कळवलं की आमच्याकडे महाराजा नाही, सरपंच आहेत, आणि हत्ती लहानपणी एकदा सर्कशीत बघितला होता. हवं तर घोडे देतो, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आमच्या खान्देशातच आहे. त्याला ते घोडे आवडले, आणि यात्रेवर लिहिलेलं प्रकरण त्या पुस्तकात सगळ्यात बरं उतरलं. म्हणजे जे विकलं जातं ते काय असावं यावर थोडं भांडता येतं.

दोन. 'रात्रीची लाइट' मी आधी चुलतभावांसाठी लिहिला. ते काही बिअर पीत नव्हते, आणि दुसऱ्या रात्री त्यांना पाणी भरायला जायचंच होतं. थोरल्याने खेळात एक पात्र घेतलं, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं. त्याच्याकडे खरा सालदार आहे, दर आखाजीला (अक्षय तृतीयेला) त्याचा करार होतो. खेळात मोटरकडे कुणी जायचं यावर मत घ्यायची वेळ आली की चौघं मिळून सालदारालाच पाठवायचे. तीन वेळा झालं तसं. चौथ्या वेळी थोरला म्हणाला, "हे बरोबर नाहीये." कुणीच काही बोललं नाही. घरी जाऊन त्याने काय केलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

ड्रॅगन मलाही आवडतो. त्याचे शब्दावर सहा सेंट मिळतात.

पुण्यात_पोटासाठी

ओके. तो सालदाराचा किस्सा मूळ धाग्यात हवा होता.

काळा_कोट

धुळ्यात वकिली करतो. बेकर यांच्या फाशांची पद्धत 'घेतली' म्हणता, त्यावर कुणी दावा लावणार नाही का, असा प्रश्न इथे कुणाच्या मनात असेल तर : खेळाची युक्ती, म्हणजे दोन फासे टाकून १० वर फत्ते, हिला कॉपीराइट नसतो. ती युक्ती सांगणारी वाक्यं, चित्रं, पात्रांची नावं यांना असतो. वाक्यं उचलू नका, नाव लावून ऋण माना, झोप लागेल.

जास्त जपायचं ते दुसरीकडे. 'कामाच्या मोबदल्यात सर्व हक्क प्रकाशकाचे' हे कलम असेल तर लिहिलेलं तुमचं राहत नाही, फक्त पानावर नाव राहतं. आणि 'प्रकाशनानंतर पैसे' यापुढे एक ओळ घालायला सांगा : किंवा मजकूर स्वीकारल्यापासून अमुक दिवसांनी, यातलं जे आधी होईल ते. ५४० डॉलरची ओळ आहे ती.

सुकीकाठ

वकीलसाहेब, तुम्ही मला तीन वर्षांपूर्वी का नाही भेटलात?

तुमच्याच मुद्द्यावर : २००० साली विझार्ड्सने ओपन गेम लायसन्स काढलं, त्यावर शेकडो छोट्या लोकांनी डीअँडडीचे नियम वापरून आपापली पुस्तकं काढली, धंदे उभे केले. २०२३ च्या जानेवारीत ते लायसन्स बदलायची बातमी फुटली आणि नुसता गोंधळ. माझं एक काम त्या महिन्यात थांबलं, कारण प्रकाशकालाच कळेना पुढे काय. खेळणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की महिनाअखेर कंपनीने माघार घेऊन मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली मोकळा केला. आता नाव दिलं की कुणीही वापरू शकतं, गावातला माणूससुद्धा. पण दुसऱ्याच्या विहिरीवर आपली मोटर असली की काय होतं ते त्या महिन्यात कळलं.

रंगखडू

चित्रं काढते, पुस्तकांची मांडणी करते, धुळे. मराठीत खेळ छापणाऱ्यांसाठी एकच सांगते. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडल्याशिवाय मजकूर ओतू नका. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मी एकदा ४० पानं अशी छापखान्यात पाठवली होती. 'स्थिती'ची काय स्थिती झाली ते सांगत नाही.

आणि मुखपृष्ठाचे पैसे चित्रकाराला आधी द्या. 'नाव होईल' हे मला सांगू नका, नाव आईवडिलांनी ठेवलंय.

झोका

सुकीकाठ दादा, मी पारोळ्याची. तुमचा धागा दोनदा वाचला. माझा मुलगा या वर्षी बारावी झाला, आणि म्हणतो मला हेच करायचंय, गेम डिझायनर. कॉम्प्युटरचे नाही, हेच, कागदाचे. सोळा वह्या भरल्यात. नकाशे, राजांच्या वंशावळी, तीन चंद्र असलेली दिनदर्शिका. त्याचे बाबा म्हणतात वेड लागलंय. मला वाटतं वेड नाही, पण मग काय आहे तेही कळत नाही. कोणता कोर्स असतो? कुठे पाठवायचं? जरा मार्गदर्शन करा.

सुकीकाठ

ताई, कोर्स असा नाही. म्हणजे व्हिडिओ गेमचे असतात, या कामाला ते फारसे लागत नाहीत. पदवी त्याला जी झेपेल ती करू द्या, कॉमर्ससुद्धा चालेल. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते इंग्रजी आणि पीकविम्याचे अर्ज. खरंच सांगतो. अर्जातली एक ओळ चार शेतकरी चार तऱ्हेने वाचतात, हे रोज बघितलं की नियम कसा लिहायचा ते आपोआप कळतं.

आता रागावू नका. सोळा वह्या म्हणजे खेळ नाही. तीन चंद्र म्हणजे खेळ नाही. माझ्याकडेही अशा वह्या आहेत, पत्र्याच्या पेटीत. त्याला विचारा की दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन, तो स्वतः शेजारच्या खोलीत बसला असताना, खेळून झालेली गोष्ट किती आहे? उत्तर शून्य असेल. माझंही त्या वयात शून्यच होतं.

त्याला एक पान द्या. पाठपोट नाही, एकच बाजू. त्यात मावेल एवढा खेळ. राजे नकोत, त्याने डोळ्यांनी बघितलेली एक रात्र घ्यायला सांगा. घरातली तीन माणसं बसवा आणि त्याला बोलू देऊ नका. हे सगळ्यात अवघड, तोंड धरून बसणं. कुठे अडलं ते फक्त लिहून घ्यायचं.

केळीबाग_रावेर

ताई, पदवी मात्र करू द्या. (दादांचा हिशेब परत एकदा वाचा.)

गिरणामाई

हाऊ धागा भारी शे. पण भरीत-पुरीनं बोलणं कोणीच कसं काढनं नही?

रंगखडू

मराठीत या सगळ्याला शब्द काय वापरता? कॅरेक्टर शीटला, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाला वगैरे?

सुकीकाठ

सोंगाचा कागद. आधी 'पात्रपत्रिका' लिहिलं होतं, लग्नपत्रिकेसारखं वाटायला लागलं. आमच्या आदिवासी पट्ट्यात मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवतात, लहानपणी बघितलीत. मुखवटा चढवला की ओळखीचा माणूसही वेगळा चालायला लागतो. तेच तर आहे हे. जीएमला, म्हणजे गेम मास्टरला, खेळवणारा. 'मास्टर' नको वाटतं, इकडे मास्तर म्हटलं की सगळे सरळ बसतात.

अंकपाश

😀 मान्य.

झोका

धागा वर काढतेय, सात महिन्यांनी. माफ करा, मध्ये लिहायला जमलं नाही. मुलगा बी.कॉम.ला आहे, अमळनेरला, रोज ये-जा करतो.

एक पान लिहायला त्याला पाच महिने लागले. कानबाईच्या, आमच्याकडे श्रावणात बसवतात त्या देवीच्या, जागरणाची रात्र घेतली. वाटण्या झालेले तीन भाऊ वर्षातून एकदा रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या गव्हाच्या प्रसादासाठी, एका घरात आलेत, आणि सकाळी कानबाई उठेपर्यंत, म्हणजे विसर्जनाला निघेपर्यंत, भांडण होऊ द्यायचं नाही, एवढाच खेळ. फासे नाहीत. प्रत्येकाच्या पुढ्यात मूठभर गहू. मनातलं एखादं जुनं गाऱ्हाणं गिळलं की एक दाणा मधल्या ताटात टाकायचा. मूठ रिकामी झाली की पुढचं गाऱ्हाणं गिळता येत नाही, बोलून टाकावंच लागतं.

आम्ही तिघं बसलो. हे, मी आणि सासूबाई. पोरगा दाराशी, तोंडावर हात धरून. यांनी पहिल्या दहा मिनिटांत सगळे दाणे संपवले. मी बघतच राहिले, गिळायला इतकं होतं ते मला माहीत नव्हतं. मग सासूबाईंनी खेळ थांबवला. म्हणाल्या, हे चुकलं. ताटातल्या गव्हाचं काय करायचं ते लिहिलंच नाही. रोट घराबाहेर देत नाहीत, भाऊबंदांनीच खायचा असतो. मग हा ताटातला गहू सकाळी तिघा भावांनी खायला नको का? ज्याने जास्त टाकलं त्याचं बाकीच्यांनी खायचं.

पोरगा पळत जाऊन वही घेऊन आला. आता खेळाचा शेवटचा नियम तोच आहे : सकाळी प्रत्येकाने दुसऱ्याचे दाणे उचलायचे, आणि एका दाण्याला एक गाऱ्हाणं विचारून घ्यायचं.

परवा त्याने ते पान इंग्रजीत करून साइटवर चढवलं. खाली स्वतःचं नाव, आणि त्या नियमापुढे आजीचं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे, पण मला शब्दाला किती?